सरासरीत न मावणारा पाऊस

जून लागला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक छोटी चौकट येऊ लागते. तालुक्याचे नाव, आजचा पाऊस, एक जूनपासूनचा एकूण पाऊस आणि शेवटच्या रकान्यात सरासरीची टक्केवारी. ही चौकट वाचण्याची सवय मला शाळकरी वयात लागली, ती आजतागायत सुटलेली नाही. आधीचे रकाने डोळ्यांखालून घालायचे आणि शेवटच्या रकान्यावर थांबायचे. आकडा शंभराच्या आसपास असला की ‘यंदा बरे आहे’ असे म्हणून पान उलटायचे. घरोघरी असेच होत असावे.

गेल्या काही वर्षांत मात्र या शेवटच्या रकान्यावरचा माझा विश्वास डळमळला आहे. तो आकडा खोटा असतो, असे मला म्हणायचे नाही. हवामान खाते तो प्रामाणिकपणे काढते. पण ज्या पावसावर आपली पेरणी, आपली धरणे, आपली गटारे आणि आपले पाणीवाटप अवलंबून आहे, तो पाऊस या एका आकड्यात आता मावेनासा झाला आहे.

मराठवाड्याचेच पाहा. २०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या दोन पावसाळ्यांत तिथे सरासरीपेक्षा चाळीस टक्क्यांच्या आसपास पाऊस कमी पडला. मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी न्यावे लागले. ‘जलदूत’ म्हणून ती गाडी देशभर गाजली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या आरंभी त्याच लातूर-बीड भागात नद्यांना पूर आले आणि तळ उघडा पडलेले तेच धरण भरले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये तर बीड, धाराशिव, सोलापूर या अवर्षणप्रवण जिल्ह्यांत सीना आणि इतर नद्यांनी उभी पिके नेलीच, अनेक शिवारांतली मातीही खरवडून नेली. दुष्काळी वर्ष आणि पुराचे वर्ष यांची बेरीज करून दोनाने भागले तर उत्तर झकास येते. पण त्या उत्तराने कुणाची घागर भरत नाही आणि वाहून गेलेली माती परत येत नाही.

हवामानबदलाने जलचक्राचे नेमके काय केले, हा प्रश्न इथे सुरू होतो. जलचक्र आपण शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलेले असते. समुद्रातून वर जाणारे वाफेचे बाण, डोंगरावर अडलेला ढग, खाली नदी आणि जमिनीत मुरणारे पाणी. त्या चित्रात आकडे नव्हते. आज प्रत्येक बाणाला आकडा आहे. पर्जन्यमापक, रडार, उपग्रह, नदीवरची मोजणी केंद्रे, निरीक्षण विहिरी अशा अनेक वाटांनी तो येतो आणि संगणक त्या डोंगराएवढ्या आकड्यांतून अर्थ शोधतो. या विद्येला आज ‘डेटा सायन्स’ असे भारदस्त नाव आहे. या विद्येने गेल्या वीस वर्षांत जे दाखवून दिले ते ऐकले तर आपल्याला आपल्या कारभाराची बरीच गृहीतके मोडावी लागतील. ती मोडायला आपण तयार नाही, हे माझे दुखणे आहे.

शिमला ऑफिसचा वारसा

पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याच्या इमारतीला जुने पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. १९२८ मध्ये हे कार्यालय शिमल्याहून पुण्यात आले, त्याची ही खूण. भारतीय हवामान खात्याची स्थापना त्याच्याही आधीची, १८७५ ची. लगेच १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ आला आणि मोसमी पावसाचा अंदाज वर्तवणे ही सरकारची गरज होऊन बसली. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि मैदानातला पाऊस यांचा संबंध जोडून अंदाज बांधायला सुरुवात केली.

१९०४ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर या खात्याचे प्रमुख झाले. हवामानशास्त्राचे त्यांचे शिक्षण नव्हते. त्यांनी जगभरच्या केंद्रांमधील हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे मागवले आणि कारकुनांच्या फौजेकडून त्यांचे परस्परसंबंध हाताने काढून घेतले. त्या आकडेमोडीतून, प्रशांत महासागराच्या एका बाजूला दाब चढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, हा झोका त्यांना सापडला. आज ज्याच्या नावाने दरवर्षी आपल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो त्या एल निनोचा दुसरा अर्धा भाग तो हाच. संगणकाचा पत्ता नसताना झालेले हे काम म्हणजे डेटा सायन्सच होते.

या वारशाने आपल्याला दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजण्याची शिस्त. देशात शतकाहून अधिक काळाच्या रोजच्या पावसाच्या नोंदी आहेत, असे भाग्य फार थोड्या उष्ण प्रदेशांच्या वाट्याला आले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ‘सरासरी’ची कल्पना. दुष्काळ जाहीर करायचा, सारा माफ करायचा, तर कमी म्हणजे किती कमी हे ठरवायला एक मापदंड हवा होता. तो सरासरीने पुरवला. त्या काळी ते योग्यच होते.

हा मापदंड अढळ नाही, हे मात्र आपण विसरतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभर पडणाऱ्या पावसाची दीर्घकालीन सरासरी एकेकाळी ८९ सेंटीमीटर धरली जाई. मग कालखंड पुढे सरकवल्यावर ती ८८ झाली आणि १९७१ ते २०२० या कालखंडावरून आता ८७ आहे. या घसरणीला केवळ तापमानवाढ जबाबदार धरणे चूक ठरेल. काही दशके ओली आणि काही कोरडी जाण्याचा निसर्गाचा स्वतःचाही फेर असतो आणि हवामान खात्याने त्याकडेच बोट दाखवले आहे. पण ज्या गजाने आपण मोजतो तो गजच लहान झाला, तर ‘शंभर टक्के पाऊस’ या शब्दांचा अर्थ बदलतो, एवढे तरी ध्यानात ठेवावे.

रोजची हजेरी

सरासरीच्या आड काय दडले आहे, हे पाहण्याचा एक लक्षणीय प्रयत्न पुण्यातच झाला. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या पन्नास वर्षांतला मध्य भारतातला पाऊस तपासला. हंगामाची बेरीज घेण्याऐवजी त्यांनी एकेका दिवसाची हजेरी घेतली. साधा, मध्यम, जोरदार, अतिजोरदार असे पावसाचे दिवस वेगळे केले आणि प्रत्येक गटाचे पुढे काय झाले ते पाहिले. २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला त्यांचा निष्कर्ष असा होता : एकूण पावसात ठळक फरक नाही. पण शंभर, दीडशे मिलिमीटरच्या वरचे दिवस वाढले आहेत आणि मध्यम पावसाचे दिवस घटले आहेत. एक वाढले, दुसरे घटले आणि बेरीज जागच्या जागी राहिली. जी बेरीज आपण इतकी वर्षे दिलासा म्हणून वाचत होतो, तिनेच हा बदल झाकून ठेवला होता.

त्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हा धागा पुढे नेला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे त्यांना आढळले. अरबी समुद्रावरून येणारे पश्चिमी वारे पूर्वीसारखे एका चालीने वाहत नाहीत. त्यांच्यात मोठे चढउतार होऊ लागले आहेत आणि असा एखादा लोट आला की तो तापलेल्या समुद्रावरची भरपूर बाष्पे घेऊन येतो. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतीय प्रदेशातील हवामानबदलाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात याची दुसरी बाजूही आहे. १९५१ ते ८० या काळाच्या तुलनेत १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातले कोरडे खंड २७ टक्क्यांनी अधिक वेळा पडले.

यामागचे भौतिकशास्त्र कठीण नाही. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. भांडे मोठे झाले. ते भरायला अधिक वेळ लागतो, आणि एकदा कलंडले की पूर्वीपेक्षा अधिक पाणी ओतते. मधल्या काळात तीच तहानलेली हवा जमिनीतली ओल शोषून घेते. खंड लांबतो आणि कोसळतो तेव्हा पाऊस जास्त कोसळतो, या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटल्या तरी एकाच कारणाची ही दोन फळे आहेत.

शेतकऱ्याला याचे भाषांतर करून सांगावे लागत नाही. समजा, एका तालुक्यात दोन वर्षे प्रत्येकी सहाशे मिलिमीटर पाऊस झाला. पहिल्या वर्षी तो पंचेचाळीस दिवसांत विभागून आला. दुसऱ्या वर्षी निम्मा पाऊस चार दिवसांत कोसळला आणि मध्ये तीन आठवडे पावसाने ओढ दिली. चौकटीच्या शेवटच्या रकान्यात दोन्ही वर्षांना एकच आकडा येईल. शिवारात मात्र एका वर्षी सुगी असेल आणि दुसऱ्या वर्षी दुबार पेरणी, पाठोपाठ सडलेले सोयाबीन आणि सावकाराचे दार.

आकड्यांशीही सावधपणे

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नाहीतर आपण सरासरीवरची अंधश्रद्धा सोडून संगणकावरची अंधश्रद्धा धरू.

वर उल्लेखलेल्या सरकारी आढाव्यात असेही म्हटले आहे की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दीडशे मिलिमीटरच्या वरच्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. मग तिप्पट खरे की ७५ टक्के? दोन्ही खरे. एक आकडा स्थानिक घटनांचा आहे, दुसरा विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या पावसाचा. मोजणीची व्याख्या बदलली की उत्तर बदलते. वर्तमानपत्रांतले ठळक मथळे या व्याख्या गाळतात आणि मग ‘शास्त्रज्ञांचेच एकमत नाही’ अशी कुजबुज सुरू होते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. संशोधक जे आकडे वापरतात ते बहुधा चौकटीत बसवलेले असतात. हवामान खात्याने देशभरच्या ६,९५५ केंद्रांच्या नोंदी घेऊन १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या, म्हणजे साधारण पंचवीस-सव्वीस किलोमीटर बाजूच्या चौकोनांत मांडला आहे. हे आकडे आता कुणालाही संगणकावर उतरवून घेता येतात, ही मोठीच सोय झाली. पण ही सगळी केंद्रे सर्व काळ चालू नव्हती. काही उशिरा सुरू झाली, काही बंद पडली, काहींच्या नोंदींत वर्षांची भगदाडे आहेत. केंद्रांची संख्या बदलली की त्या चौकोनातला अतिवृष्टीचा आकडाही, ढगांत काही बदल झालेला नसताना, बदलू शकतो. मरेना लिन आणि पीटर ह्यूबर्स या अमेरिकेतील अभ्यासकांनी २०१९ मध्ये नेमकी हीच शंका काढली आणि भारतातल्या अतिवृष्टीच्या वाढीचा काही भाग या भगदाडांमुळे भासमान असू शकतो, असे दाखवले. तापमानवाढ थोतांड आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. बंद पडलेला प्रत्येक पर्जन्यमापक ज्ञानात भोक पाडून जातो, हा याचा खरा अर्थ.

आणि सह्याद्रीत तर पंचवीस किलोमीटरचा चौकोन म्हणजे निव्वळ घोटाळा. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाट उतरून वाईला आले की तो हजाराच्याही आत येतो. दोघांची सरासरी काढली तर जो पाऊस मिळेल तो महाबळेश्वरलाही पडत नाही आणि वाईलाही पडत नाही. २२ ते २३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच आठवड्यात तळिये गावावर दरड कोसळली. अशा घटना चौकोनाच्या सरासरीत विरघळून जातात.

काँक्रीटमध्ये ओतलेली सरासरी

हा सगळा ऊहापोह अभ्यासकांपुरता राहिला असता तर मी त्यासाठी रविवारची एवढी जागा अडवली नसती. पण जुन्या पावसाचे आकडे कागदावरून उतरून केव्हाच काँक्रीटमध्ये जाऊन बसले आहेत.

मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती. ती ५० मिलिमीटरसाठी वाढवावी अशी शिफारस करणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्ये आला आणि बारा वर्षे बव्हंशी कागदावर राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. गच्चीवर ठेवतात तशी हजार लिटरची काळी टाकी प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ पूर्ण ओतावी, तसा तो दिवस होता. आणि तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर कुलाब्यात त्याच चोवीस तासांत जेमतेम ७३ मिलिमीटर! दोन्ही ठिकाणी पर्जन्यमापक होते म्हणून एवढे तरी कळले. पाऊस कसा सरकतो आहे हे त्या क्षणी दाखवणारे डॉप्लर रडार मुंबईत तेव्हा नव्हते.

अभियंते ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ अशी भाषा वापरतात. कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, असा तिचा अर्थ. हे गणित मागच्या नोंदींवरून केले जाते आणि त्यामागे एक मूक गृहीतक असते : निसर्ग बदलतो, पण ठरलेल्या मर्यादेत. उद्याचा पाऊस कालच्याच पोत्यातला असेल. २००८ मध्ये मिली आणि त्यांच्या सहकारी जलशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्येच लिहिले की, हे गृहीतक आता मृत समजावे. पोतेच बदलले आहे.

कृष्णाकाठच्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. २००५ च्या महापुराची पातळी सांगलीकरांनी भिंतींवर खुणा करून ठेवली होती आणि नवी घरे त्या खुणा पाहून बांधली. २०१९ ने त्या खुणा बुडवल्या. २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. सोळा वर्षांत तीन मोठे पूर. २०१९ नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अलमट्टीच्या पाणीपातळीवरून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा वाद तर पाचवीला पुजलेलाच.

यात धरणाच्या दारावर बसलेल्या अभियंत्याची स्थिती कुणी ध्यानात घेत नाही. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी. पावसाळा संपेपर्यंत ते भरलेच पाहिजे, कारण पुढचे आठ महिने वीज आणि सिंचन त्यावर अवलंबून आहे. पूर्वी जुलै-ऑगस्टमध्ये सावकाश भरत जाणाऱ्या पावसाला हे वेळापत्रक शोभत होते. आता पाणी लवकर साठवावे तर ऑगस्टमध्ये चार दिवसांत सारे एकदम येण्याची भीती, आणि धरण रिकामे ठेवावे तर पुढे पावसाने दडी मारण्याची भीती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये धरणे बरीच भरलेली असताना घाटमाथ्यावर दिवसेंदिवस मुसळधार पाऊस सुरू राहिला. अशा वेळी सरासरी काही सांगत नाही. पुढच्या पाच दिवसांत किती पाणी येण्याची किती शक्यता आहे, हे सांगणारे गणित हवे, आणि त्या गणिताच्या आधारे घेतलेला निर्णय चुकला तरी त्या अभियंत्याच्या पाठीशी उभे राहणारे सरकारही हवे. पहिली गोष्ट डेटा सायन्स देऊ शकते. दुसरी नाही.

आकाशातून दिसलेली विहीर

जलचक्रातला सर्वांत दुर्लक्षित बाण जमिनीखाली जाणारा. तो मोजण्याची एक अद्भुत युक्ती २००२ मध्ये अमेरिका आणि जर्मनीने अमलात आणली. ‘ग्रेस’ नावाचे जुळे उपग्रह एकमेकांच्या मागे सुमारे २२० किलोमीटरचे अंतर ठेवून पृथ्वीभोवती फिरत. खाली वस्तुमान अधिक असेल तर पुढचा उपग्रह किंचित आधी ओढला जाई आणि दोघांतले अंतर केसाच्या जाडीहूनही कमी प्रमाणात बदले. त्या बदलावरून खालचे पाणी वाढले की घटले, हे कळे. ही जोडी २०१७ पर्यंत चालली आणि २०१८ पासून तिची वारस जोडी काम करते आहे.

मॅथ्यू रॉडेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या मोजणीवरून दाखवले की, राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या भागात २००२ ते २००८ या सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर भूजल नाहीसे झाले. मी आपल्या मापात हिशेब करून पाहिला. कोयनेसारखी छत्तीस धरणे भरतील एवढे हे पाणी. आणि गंमत अशी की त्या काळात तिथला पाऊस जवळपास सरासरीइतकाच होता. पुन्हा तीच सरासरी! वरून येणारे पाणी नेहमीइतके, उपसा मात्र बेसुमार. हा दोष हवामानबदलाचा नव्हे, आपला. जलचक्र बिघडवणारे दोन हात आहेत आणि आकडे नीट वाचले तरच कोणता हात कुठे आहे ते कळते. नाहीतर प्रत्येक पापाचे खापर हवामानबदलावर फोडण्याची सोय राज्यकर्त्यांना आयतीच मिळाली आहे.

मात्र हे उपग्रह शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याचे सांगतात. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते. एका बांधाच्या अलीकडच्या विहिरीला पाणी असते आणि पलीकडची कोरडी असते. तिथे राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या, वर्षातून चार वेळा मोजल्या जाणाऱ्या निरीक्षण विहिरीच उपयोगाच्या. दोर टाकून विहिरीची पातळी मोजणारा माणूस आणि अंतराळातला उपग्रह हे एकाच शास्त्राचे दोन नोकर आहेत.

यंत्राची शिकवणी

गेल्या दोन-तीन वर्षांत या क्षेत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला आहे आणि तो सर्वस्वी पोकळ नाही. मागच्या चाळीसेक वर्षांचे जगाचे हवामान पाजून तयार केलेली प्रतिमाने आठ-दहा दिवसांचा अंदाज क्षणार्धात देऊ लागली आहेत. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने अशा प्रतिमानांच्या आधारे मोसमी पावसाच्या आगमनाचा अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवला. त्याच वर्षी मे महिन्यात पाषाणच्या संस्थेने घडवलेली, सहा किलोमीटर बाजूच्या चौकोनापर्यंत पोचणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ हवामान खात्याच्या सेवेत दाखल झाली. यंदा मृगाचे वाहन बेडूक की म्हैस, हे पंचांगात पाहणाऱ्या पिढीतून आलेल्या मला याचे अप्रूप वाटल्याखेरीज राहत नाही.

पण शिकवणीचा एक नियम आहे : विद्यार्थ्याला जे धडे दिले तेवढेच त्याला येते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. असे एक प्रतिमान शिकवताना त्यांनी त्याच्यापासून सर्व तीव्र चक्रीवादळे लपवून ठेवली. मग त्याच्यापुढे महातीव्र वादळ ठेवले, तेव्हा ते त्याला ओळखता आले नाही. त्याने वादळ सौम्यच ठरवले. जे कधी पाहिलेच नाही ते यंत्राला सुचत नाही. बदलत्या हवामानात आपल्याला तर नेमके न पाहिलेलेच पाहायचे आहे. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच पोचला. नेहमीची तारीख ११ जून. जुनी पुस्तके पाठ करून या परीक्षेला बसता येणार नाही. भौतिकशास्त्राचे नियम आणि यंत्राची स्मरणशक्ती यांची सांगड घालण्याचे प्रयत्न म्हणूनच सुरू आहेत, आणि भरवसा ठेवायचा तर त्या सांगडीवर ठेवावा.

चौकटीत आणखी तीन रकाने

शेवटी सगळे येऊन ठेपते ते त्या नळकांड्यापाशी. आपल्या राज्यात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी, आणि नुकसानीच्या मदतीचा विचार त्यावरून होतो. दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित केंद्रे आहेत. तरी एका मंडळात कित्येक गावे येतात आणि पाऊस हल्ली बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसऱ्यावर नाही. केंद्रावर ६० मिलिमीटर आणि चार कोसांवरच्या गावात ढगफुटी, असे झाले तर त्या गावाची अतिवृष्टी कागदावर घडलेलीच नसते.

एका तालुक्याच्या गावी मी पर्जन्यमापक पाहिला. अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर तो असावा, असा नियम आहे. इथे चार हातांवर नवी दुमजली इमारत उठली होती आणि वारा त्या बाजूने आला की पाऊस नळकांड्यात पडतच नसणार. नोंदवहीतले आकडे मात्र सुबक अक्षरात, एकही दिवस न चुकता लिहिलेले होते. लिहिणाऱ्याचा काहीच दोष नव्हता. पण जगातल्या सर्वांत हुशार यंत्राला तो आकडा दिला तरी ती भिंत त्याला दिसणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. जुने पर्जन्यमापक बंद पडू देऊ नयेत. शंभर वर्षांची अखंड नोंद हे धरणाइतकेच मोलाचे राष्ट्रीय धन आहे आणि ते पैसे ओतून नव्याने उभारता येत नाही. केंद्राच्या ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याचे ठरले आहे. ते बसवण्याइतकीच त्यांची निगा राखण्याची तरतूद व्हावी. धरणांचा साठा, येवा आणि विसर्ग यांचे आकडे तासागणिक लोकांसमोर यावेत, नदी कोणत्याही राज्यातून वाहत असो. पुराचे पाणी सीमा पाहून थांबत नाही. मग आकड्यांनी तरी का थांबावे?

आणि एक मागणी आम्हा वर्तमानपत्रवाल्यांकडे. पावसाच्या त्या चौकटीत आणखी तीन रकाने घालावेत : आतापर्यंत पावसाचे दिवस किती, सर्वांत लांब खंड किती दिवसांचा, आणि एका दिवसात पडलेला सर्वाधिक पाऊस किती. जागा फारशी लागणार नाही. सरासरीचा रकाना हवा तर तसाच राहू द्यावा. सवय लागलेली माणसे तिथेच आधी पाहतील. पण मग नजर शेजारी वळेल आणि ‘यंदा बरे आहे’ असे म्हणून पान उलटण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबेल. तेवढे थांबणे या घटकेला फार गरजेचे आहे.